सात नंबरचा रस्ता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवासमोर हात जोडून उभा राहायचो तेव्हाही नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी मागत बसायचो. बायको आता राहिली नाही. मुलगी परदेशात असते. मराठी तिला समजतं, वाचता येत नाही. हे तिच्या हाती पडलं तरी दोन ओळींच्या पुढे ती जायची नाही. म्हणून लिहायचं धाडस करतोय का? असेल. आयुष्यभर मी जे काही केलं ते आधी अंगाशी येणार नाही ना, हे बघूनच केलं.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. ओळखत असता तर म्हणाला असता, मधू? तो तर सरळ माणूस. सगळे हेच म्हणतात.

मी बहारीनला रस्त्यावरची वाळू काढणाऱ्या कचेरीत कारकून होतो. हसू आलं तर हसा, गावाकडे सगळेच हसायचे. पण बेटाच्या पश्चिमेला, खजुराच्या बागांपलीकडे जी गावं होती, त्यांना या कचेरीवाचून हिवाळा काढणं अवघड होतं. थंडीत तिकडे उत्तरेचं वारं सुटतं. शमाल म्हणतात त्याला. दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबत नाही. गावं बागांच्या आडोशाला असायची, पण गावांना जोडणारे रस्ते उघड्या माळावरून जायचे. सकाळी बघावं तर रस्ता नाहीच; नुसता वाळूचा उतार, आणि त्यातून वर आलेले दिव्याचे खांब.

आमच्या कचेरीचे छापील तक्ते कुठल्याशा थंड देशातल्या सल्लागाराने करून दिले होते. तो तिकडे खेड्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं काम बघायचा म्हणे. तक्त्यात ‘बर्फाची जाडी’ असा रकानाच होता. आम्ही ‘बर्फ’वर रेघ मारून ‘वाळू’ लिहायचो, की झालं. पद्धत तीच. कुठला रस्ता आधी, कुठला नंतर, कुठल्या वस्तीत आजारी माणूस आहे, मशीन कुठून निघणार, काढलेलं कुठल्या बाजूला लोटायचं. बर्फ निदान वितळतो. वाळू दुसऱ्या दिवशी परत हजर.

दर वर्षी थंडीच्या आधी गावांचे मुख्तार, म्हणजे आपल्याकडच्या पाटलांसारखे, आणि आमचे साहेब बसून यादी करायचे. यादीत पहिला मेन रोड, राजधानीकडे, मनामाला जाणारा. आणि दुसरा — शाळेच्या आधी, मशिदीच्या आधी, सगळ्यांच्या आधी — सात नंबरचा रस्ता. जेमतेम दोन किलोमीटर. पलीकडे अकरा घरं. अकरा घरांसाठी एवढा मान कशाला, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. तेव्हा मला फाइलमधलं डॉक्टरांचं पत्र दाखवण्यात आलं. त्या वस्तीतल्या हाजी मन्सूरच्या मुलीला रक्ताचा आजार होता, आपल्याकडे ज्याला सिकलसेल म्हणतात तो. थंड वारं सुटलं की तिचे सांधे, छाती, पाठ — सगळं दुखायला लागायचं, ते इतकं की तिला उचलून सलमानियाच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागायचं. उशीर चालायचा नाही. पत्रात तिचं नाव होतं, झहरा. वय एकोणीस.

म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी आधीच काढून टाकतो.

आता दाऊदभाईंचं सांगायला हवं. ते ग्रेडर चालवायचे — मधोमध लांब पातं असलेलं ते मोठं पिवळं मशीन. दापोलीकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी एका ठेकेदाराच्या व्हिसावर आलो होतो, सिमेंटच्या गोणी मोजायला. हा मुलगा इंग्रजी लिहितो, याला कचेरीत घ्या, असं साहेबांच्या कानावर घातलं ते दाऊदभाईंनी. ना नात्याचे, ना गावचे. आपल्या बाजूचा माणूस, एवढंच. शुक्रवारी त्यांच्या खोलीवर माशाचं जेवण असायचं आणि माझं पान धरलेलं असायचं. मी मटण खात नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारून घेतलं होतं, “मासे चालतात ना रे तुला? मग झालं तर.”

मशीन त्यांच्यासारखं कुणाला चालवता यायचं नाही. वारा कुठून आहे ते ते तोंड वळवून गालावर बघायचे आणि वाळू नेमकी वारा जातो त्या बाजूला लोटायचे, म्हणजे ती लगेच परत यायची नाही. वाऱ्याच्या बाजूला झावळ्यांचे कूड घालायचे, हेही त्यांनीच साहेबांना सुचवलेलं. पण लिहिता-वाचता येत नव्हतं. उर्दूत सही तेवढी करायचे, वळणदार. रोजच्या कामाचा तक्ता मी इंग्रजीत भरायचो आणि खाली ते सही करायचे. काय लिहिलंय हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

तुम्हाला आता अंदाज आला असेल. पण अजून पुरता आलेला नाही.

साहेब वाईट नव्हते. हे सांगताना मला जरा कडू वाटतं, कारण ते वाईट असते तर माझं किती सोपं झालं असतं. मला तेव्हा सुमनला आणि दोन वर्षांच्या मीनलला तिकडे आणायचं होतं. फॅमिली व्हिसा माझ्या ग्रेडला मिळत नव्हता. वरची ग्रेड हवी होती, आणि त्यासाठी साहेबांचं पत्र. ते ‘इंशाल्ला’ म्हणायचे. नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत दिवस काढायचो. आज खूश आहेत का? कालचं काही आवडलं नाही का? माणूस असा दोन वर्षं दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला की त्याचं काय होतं, ते मला ठाऊक आहे.

हिवाळ्यात तिकडचे लोक हौसेने वाळवंटात तंबू ठोकून राहतात. साहेबांचेही तंबू होते, गावांच्या दक्षिणेला. एका बुधवारी ते फोनवर कुणाला तरी सांगत होते — शुक्रवारी पाहुणे येणार आहेत, वाटेत वाळू साचली असेल तर गाड्या कशा यायच्या, बघू. मी समोर फाइल घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. हे नीट वाचा. ना हुकूम होता, ना खूण. माझं मीच ठरवलं.

गुरुवारी दुपारी हाजी मन्सूर स्वतः कचेरीत आले. उंच, वाळलेला माणूस, बागेत काम करून हात खरखरीत झालेले. रेडिओवर वाऱ्याची बातमी आली होती. आम्हा हिंदुस्तानी लोकांशी ते तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायचे. “मधू, कल हवा आएगा,” ते म्हणाले. “बेटी का तबियत अच्छा नहीं. रोड देखो.” मी उठून उभा राहिलो, त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, “इंशाल्ला, हाजी. पहला तुम्हारा रोड.” शब्द दिला म्हणायचा तो हाच.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कचेरीत मी एकटा आणि रस्त्यावर दाऊदभाई एकटे. सही करायला त्यांना परत कचेरीपर्यंत यायला नको म्हणून मी गुरुवारीच शुक्रवारच्या कोऱ्या तक्त्यावर त्यांची सही घेऊन ठेवली. आधीही तसं केलेलं होतं. मीच काढलेली सोय. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाले, “उद्या वारं असलं तर जेवायला उशीर होईल रे. तू आधी खाऊन घे.”

शुक्रवारी पहाटेपासून शमाल सुटला. सात वाजता कचेरीच्या खिडकीतून समोरचं फाटक दिसत नव्हतं. दाऊदभाई तोपर्यंत मेन रोडवर होते. पावणेआठला मी वायरलेसवर त्यांना हाक मारली. मेन रोड झाला का विचारलं, झाला म्हणाले. आणि मी म्हटलं, “आता साहेबांच्या तंबूंकडे जा.” ते “बरं” म्हणाले. एवढंच. यादी माझ्याकडे असायची, आणि मी सांगेन ते यादीतलंच असणार, असं ते धरून चालायचे. आज क्रम साहेबांनीच बदलला असेल, असंही त्यांना वाटलं असेल.

मी हिशोब केला होता तो असा — तंबूंचं काम दीड तासाचं, मग सात नंबर, अकरापर्यंत सगळं मोकळं. हाजींना कळणार नाही, साहेबांना मात्र कळेल. यादीचा क्रम चुकलेला दिसू नये म्हणून मी तक्ता समोर घेतला आणि लिहिलं — रस्ता सात, आठ ते साडेनऊ, साफ. तंबूंचा उल्लेख केला नाही. खाली दाऊदभाईंची सही होतीच.

मग मी डबा उघडून नाश्ता केला.

तंबूंकडची वाळू मला वाटली होती त्याच्या दुप्पट निघाली. आणि साधारण नऊ वाजता हाजी आणि त्यांचा मोठा मुलगा अली, झहराला पिकअपमध्ये घालून वस्तीतून निघाले. अर्ध्या वाटेवर गाडी रुतली. त्यांनी फळ्या घातल्या, हातांनी वाळू उपसली. गाडी आणखी खाली गेली. शेवटी बापाला बहिणीजवळ ठेवून अली पायी निघाला. त्या वाऱ्यात मेन रोडपर्यंत चालत आला, तिथे कुणाची तरी गाडी मिळाली, आणि साडेदहाच्या सुमारास तो माझ्या दारात उभा होता. भुवया, पापण्या वाळूने पांढऱ्या झालेल्या. त्याने एकच विचारलं. मशीन कुठे आहे?

तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. खरं बोलून काही बिघडलं असतं का? थोडं बिघडलं असतं. नोकरी गेली नसती बहुतेक. पत्र गेलं असतं. पण मी विचार केला असं मला म्हणता येत नाही. विचार करायला वेळच लागला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “मी आठ वाजताच पाठवलंय. ड्रायव्हर कुठे गेला, काय माहीत.”

किती सहज निघालं ते. मी पुढे कितीदा आठवून बघितलंय, अडखळलो होतो का, आवाज तरी बदलला होता का. नव्हता बदलला.

मग मी वायरलेसवर दाऊदभाईंना सात नंबरला पळवलं. ते पोचले, रस्ता काढला, पिकअप मशीनला बांधून ओढली. झहरा दुपारी सलमानियात पोचली आणि दोन दिवसांनी रविवारी गेली. लवकर पोचली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही, असं मला नंतर कळलं. या वाक्याला मी कित्येक वर्षं धरून राहिलो. आता सोडतो.

चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला साहेब, मुख्तार आणि वरच्या कचेरीतून आलेले एक गृहस्थ. दुसऱ्या बाजूला दाऊदभाई आणि मी. तक्ता मध्ये ठेवलेला. त्या गृहस्थांनी सहीवर बोट ठेवून विचारलं, ही तुझी का? दाऊदभाई हो म्हणाले. मग इथे सात नंबर साफ केला असं लिहिलंय, ते कसं? दाऊदभाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काहीतरी विसरलोय आणि आता मला आठवेल, अशा नजरेने. मग ते म्हणाले, “मधूने मला तंबूंकडे जायला सांगितलं.”

साहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, “माझ्या तंबूंकडे मशीन कुणी पाठवलं? मी सांगितलं नव्हतं.” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, “सर, मी सात नंबरच सांगितलं होतं. तुम्हाला खूश करायला तो आपणहून तिकडे गेला असेल.”

माझ्या पोटात जे होतं ते उचलून मी त्या माणसाच्या अंगावर टाकलं. साहेबांना खरं कळलं असेल का? मला वाटतं, कळलं होतं. पण समोर कागद होता, कागदावर सही होती, आणि कागद खरा धरण्यात सगळ्यांचीच सोय होती.  दाऊदभाईंचा व्हिसा रद्द करून आठ दिवसांत त्यांना परत पाठवलं. त्यांची पेटी टॅक्सीत ठेवायला मी हात लावला. वर हेही केलं.

हाजी मन्सूर त्यानंतर कधी कचेरीत आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मला ग्रेड मिळाली, पत्र मिळालं. सुमन आणि मीनल आल्या. उम्म अल हस्सममध्ये आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, खाली बेकरी होती. मीनल तिथेच वाढली, इंग्रजी शाळेत गेली. आमचे ते दिवस चांगले गेले. हे लिहायला नको वाटतं, पण चांगले गेले. झोप लागत नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, असलं काही झालं नाही.

आता शेवटचं. इथवर जे सांगितलं ते तसं कुणाला तरी सांगता आलं असतं. तरुण होतो, घाबरलो, असं म्हणून. पुढचं तसं नाही.

सात-आठ वर्षांनी आम्ही रजेवर आलो असताना सुमनच्या माहेरी गेलो होतो, दाभोळकडे. मी आलोय हे दाऊदभाईंना कुठून तरी कळलं आणि त्यांनी निरोप पाठवला, चहाला ये. मला टाळता आलं असतं. सुमन म्हणाली, “एवढं बोलावतायत, जाऊन या. तुम्हाला नोकरी त्यांनीच लावली ना?”

अंगणात सुपारी वाळत घातली होती. दाऊदभाई खूप म्हातारे दिसत होते. मासळीच्या टेम्पोवर माल चढवायला, उतरवायला, असं काहीबाही करायचे. मी विचारलं, चालवत नाही का तुम्ही? म्हणाले, “नाही. मशीनला हात लावला नाही परत.” त्यांच्या बायकोने चहा आणि नानकटाई आणून ठेवली, मीनलची चौकशी केली आणि आत गेली.  मी वाट बघत होतो. शिव्या देतील, विचारतील, का केलंस. त्याची मी वाटेत तयारी केली होती — काय नाकारायचं, काय मोघम ठेवायचं.

“मधू,” ते म्हणाले, “त्या दिवशी तू आधी सात नंबर बोललेलास, ना?”

मी चहाचा कप उचलला.

“मी खूप आठवून बघितलं रे. आधी वाटायचं, तू तंबूच बोललास. तेच कानात होतं. पण तू कशाला खोटं बोलशील? तुला काय गरज? वारं होतं, इंजिन चालू होतं. तू आधी सात नंबर बोलला असशील, आणि मग तंबू. मी शेवटचं तेवढं ऐकलं. परत विचारलं असतं तर ती पोर वाचली असती.”

ते खाली बघत होते. म्हणाले, दर वर्षी तिच्या नावाने फातिहा पढवतो, पण तिचं नाव माहीत नाही. हाजीची बेटी एवढंच म्हणतो. तुला माहीत आहे काय?

मी सांगितलं, झहरा.

त्यांनी ते नाव दोन-तीनदा स्वतःशी म्हटलं.

त्या अंगणात आम्ही दोघंच होतो. साहेब निवृत्त झाले होते. माझी ग्रेड, व्हिसा, मीनलची शाळा — कशालाच धक्का लागणार नव्हता. तुम्ही नीट ऐकलंत, दाऊदभाई, मी तंबूच म्हणालो होतो. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. समोर बसलेला माणूस सात वर्षं माझं पाप स्वतःचं समजून वाहत होता, आणि मला एक वाक्य बोलायचं होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “जाऊ द्या, दाऊदभाई. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? होतं माणसाकडून.”

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “तू मनात राग ठेवला नाहीस, हे तुझे उपकार आहेत.” मीही त्यांचे हात दाबले. मी त्यांना माफ केलं. उरलेला चहा प्यायलो, घरी न्यायला बांधून दिलेल्या सुपाऱ्या घेतल्या आणि निघालो. सुमनने विचारलं, कसे आहेत? म्हटलं, बरे आहेत.

त्यानंतर तीन वर्षांनी बहारीनला त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. दाऊदभाई गेले होते. शेवटच्या आजारात त्यांनी माझी आठवण काढली होती, असं त्यात लिहिलं होतं. मी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. आणि मला मोकळं वाटलं.